सातवा रुपया

माझ्या नावावर जगात एकच शोध आहे आणि तो चोरीच्या मालावर उभा आहे. हे वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली. ते आधीच लिहून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे गेल्यावर मी एखादं गोड कारण शोधून काढीन. कारणं शोधण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

शोध तसा बोटभर. भोसल्यांच्या राज्यात रुपये पाडणारी टांकसाळ काही एकच नव्हती. त्यांतल्या एका लहान टांकसाळीच्या रुपयावर गावाचं नाव अर्धंच वाचता येत होतं. ते पूर्ण मी वाचलं. गाव कोणतं ते इथे सांगत नाही. सांगितलं तर आमच्या मंडळातले लोक मला इथेच ओळखतील, आणि त्यांनी आधी सगळं ऐकून घ्यावं असं मला वाटतं.

ज्यांनी हे रुपये हातात घेतले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. राज्य मराठ्यांचं, पण रुपयावर नाव दिल्लीच्या बादशहाचं आणि अक्षरं फारसी. ठसा असायचा मोठा आणि चांदीची चकती लहान. मोठ्या साच्यात लहान पेढा दाबला की अर्धंच फूल उमटतं, तसंच इथेही व्हायचं. कारागिराने हातोडा मारला की चकतीवर जेवढं येईल तेवढं येई, बाकीचं हवेत. कोणत्या रुपयावर बादशहाचं नाव सापडतं, कोणत्यावर साल, आणि गावाचं नाव नेमकं कडेला असल्यामुळे बहुतेक वेळा बाहेरच राहतं. एकटा रुपया सगळं कधीच सांगत नाही. म्हणून एकाच ठशाचे जितके मिळतील तितके रुपये जमवायचे, प्रत्येकाची अक्षरं पारदर्शक कागदावर उतरवायची आणि ते कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावायचे. हळूहळू पूर्ण ठसा दिसायला लागतो.

माझ्याकडे असे सहा रुपये होते. अकरा वर्षांत जमवलेले, सगळे इतवारीतल्या सराफांकडे वितळवायला आलेल्या मोडीतून. फारसी अक्षरं मी चाळिशीनंतर शिकले, मोमिनपुऱ्यातल्या एका निवृत्त उर्दू मास्तरांकडून. ते मला पट्टी घेऊन शिकवायचे आणि पट्टी टेबलावर आपटायचे. सहा कागद काचेला लावले की टांकसाळीच्या नावाची पहिली दोन अक्षरं दिसायची आणि मग कड यायची. सहाही रुपयांना तिथेच कड. मला त्या कडेचा इतका राग यायचा की एकदा मी सगळे कागद चुरगाळून टाकले होते आणि मग रात्रीच्या जेवणानंतर परत सरळ करत बसले होते.

राग आणखीही एका गोष्टीचा होता. आमचं नाण्यांचं मंडळ रविवारी सीताबर्डीत भरायचं. बावीस पुरुष आणि मी. पहिली दोन वर्षं मला सगळे मॅडम म्हणायचे आणि चहाचं मी बघायचे. कोणी ठरवलं नव्हतं, पण कप माझ्यासमोरच येऊन थांबायचे. मी काही वाचलं की एखादे काका तेच नाणं हातात घेऊन परत वाचायचे आणि मग म्हणायचे, बरोबर आहे. मला एकदा तरी असं काही वाचायचं होतं, जे त्यांना परत वाचून तपासता येणार नाही.

मी विम्याच्या कार्यालयात होते. शेजारच्या टेबलावरचे सहकारी सक्करदऱ्याचे. त्यांचं घराणं भोसल्यांच्या फौजेबरोबर साताऱ्याकडून आलेलं, तलवार केव्हाच गेली आणि पुढे सगळे कारकुनीत स्थिरावले. मी टेबलावर भिंगातून रुपया पाहत होते तेव्हा ते सहज म्हणाले, "असाच एक आमच्या देवात आहे. आई रोज त्याला हळद लावते."

मी त्याच शनिवारी गेले.

त्यांच्या आईला मी काकू म्हणायचे. काकूंनी मला आत घेतलं, बसायला पाट दिला, कुंकू लावलं. मंडळातला एकही पुरुष त्या देवघरापर्यंत पोचला नसता. मी बाई होते म्हणून पोचले, आणि या गोष्टीचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. आता तीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते.

ताम्हनात अन्नपूर्णा, बाळकृष्ण, दोन टाक आणि तो रुपया. काकूंनी तो पुसून माझ्या तळहातावर ठेवला. मी उलटा केला. माझ्या सहा रुपयांवर जिथे कड येत होती तिथे या रुपयावर चांदी होती, आणि चांदीवर उरलेली अक्षरं होती. हळदीने भरलेली, पण होती. डावीकडचा ठसा कडेबाहेर राहिला होता, बादशहाचं नाव जवळजवळ नव्हतंच, पण ते माझ्याकडे सहा ठिकाणी होतं.

"काकू, फोटो काढू का?"

"काढ नं. देव काही पळून नाही राहिला."

मी चौदा फोटो काढले. घरी जाऊन मोठे करून पाहिले. सगळं नाव वाचता आलं. माझं काम तिथेच संपलं होतं, हे मला आज स्वच्छ दिसतं. तेव्हाही दिसत होतं.

पण मला रुपया हवा होता. मग मनाने कारण शोधलं. काकू दर सणाला देव रांगोळीने घासायच्या. रांगोळी चांदीला चकाकी आणते आणि अक्षरं खाते. अजून दहा-पंधरा दिवाळ्या आणि ते नाव पुसलं जाणार. म्हणजे मी रुपया घेणार नव्हते, वाचवणार होते. आणि बदल्यात दुसरा देणारच होते. माझ्या सहामध्ये दोन अगदी सारखे होते. आम्ही अशाला डुप्लिकेट म्हणतो. एकच ठसा, एकच टांकसाळ, वजनही तेवढंच. देवासाठी काय फरक पडतो? उलट माझा जास्त देखणा होता, बादशहाचं नाव त्यावर ठसठशीत. नाणी गोळा करणाराच असा विचार करू शकतो. त्याला एका ठशाचे दोन रुपये म्हणजे एकच वस्तू दोनदा, असं वाटतं.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी गेले. काकू आत पडल्या होत्या. सून, म्हणजे सहकाऱ्यांची बायको, चकल्या तळत होती, सहावा महिना लागलेला, पाय सुजलेले. बाजूला सगळे देव परातीत काढून ठेवले होते. सासूबाईंनी उठायच्या आत उजळून ठेवायला सांगितले होते आणि घाणा अर्धाही झाला नव्हता.

"दे इकडे," मी म्हटलं, "मी उजळते."

"बरं झालं ताई तुम्ही आल्या," ती म्हणाली. "मले तं वाकताच येऊन नाही राहिलं."

मी परात मोरीत नेली. सगळे देव नीट उजळले, त्यात कसूर केली नाही. काकूंचा रुपया रुमालात बांधला आणि माझा परातीत ठेवला. दोन मिनिटांचं काम. निघताना तिने स्टीलच्या एका डब्यात चकल्या भरून दिल्या. डब्याच्या झाकणावर तिच्या माहेरचं आडनाव कोरलेलं होतं. मी ऑटोत बसले तेव्हा पर्समध्ये त्यांचा रुपया होता आणि मांडीवर गरम डबा. चकल्या फार छान झाल्या होत्या. दोन दिवसांत मी सगळ्या खाल्ल्या.

मंडळाच्या पत्रिकेत माझं टिपण आलं. रुपयाच्या चित्राखाली लिहिलं होतं, "लेखिकेच्या संग्रहातून. इतवारीत मोडीत मिळालेला." सभेत काका लोकांनी तो रुपया हातोहात फिरवला आणि कोणी परत वाचून पाहिलं नाही. त्या दिवशी चहा दुसऱ्या कोणीतरी दिला. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

सक्करदऱ्याला जाणं मात्र मी बंद केलं. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं. सहकारी म्हणायचे, आई आठवण काढते. मी म्हणायचे, हो, येते. त्यांना दुसरी मुलगी झाली, बारशाचं बोलावणं आलं, मी तापाचं निमित्त काढलं. मग त्यांची बदली झाली आणि मी सुटले. वर्षातून एकदा दिवाळीच्या सुमाराला ते ताम्हन आठवायचं. ते आठवलं की मी स्वतःला सांगायचे, काकू कोणत्या तरी रुपयाला हळद लावत आहेतच. कोणाचं काय बिघडलं?

यंदा दिवाळीच्या आधी सहकाऱ्यांचा फोन आला, स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी परतल्याचं सांगायला. बोलता बोलता म्हणाले, "आईचे डोळे गेले हो. काचबिंदू. पण देव स्वतःच धुते, चाचपून चाचपून."

फोन ठेवल्यावर पहिला विचार कोणता आला ते लिहिते, कारण हे सगळं लिहायचं तेच कारण आहे. मला वाईट नंतर वाटलं. आधी मला वाटलं, आता त्यांना दिसत नाही, म्हणजे रुपया गुपचूप परत ठेवता येईल.

तीच तिथी धरून, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दुपारी मी गेले. सहकारी बाजारात गेले होते. काकू देवासमोर पाटावर बसल्या होत्या, समोर परात आणि पाण्याची कळशी.

"कोण हाय वं?"

मी नाव सांगितलं.

"एवढ्या वर्षानं? आमच्या घराचा रस्ता भुलली होती का तू?"

मी त्यांच्या पाया पडले. मग म्हटलं, "काकू, द्या, मी उजळते देव."

"नाही बाई. देवाले मीच धुते. नऊ वर्षं झाले, घरात कोणाले हात लावू देत नाही मी."

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. केस कानाजवळ पांढरे झालेले. तिने ट्रे देवघराच्या बाहेर स्टुलावर ठेवला, उंबऱ्याच्या पलीकडेच थांबली आणि मागे वळली. मला ते दिसलं. पण मी रुपयाच्या विचारात होते, त्यामुळे दिसूनही कळलं नाही.

"मग मी नुसते पुसून देते," मी काकूंना म्हटलं.

"पुस. तू पाहुणी हायेस."

त्या एकेक देव धुऊन माझ्या हातात देत होत्या, मी पुसून ताम्हनात ठेवत होते. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, टाक. मग रुपया. मी माझा रुपया फडक्यात गुंडाळला आणि पर्समधून आणलेला त्यांचा ताम्हनात ठेवला. हात सरावलेले होते.

मग काकू अंगठ्याने हळद लावायला लागल्या. रुपयापाशी अंगठा थांबला. त्यांनी तो उचलला, कडेवरून नख फिरवत नेलं आणि एका जागी नख अडकलं. तिथे एक बारीक खाच होती, कोण्या जुन्या सराफाने चांदी पारखायला मारलेली. टिपणात त्या खाचेबद्दल मी एक ओळ लिहिली होती. मी नेईपर्यंत पन्नास वर्षं रोज सकाळी काकूंचं नख त्या खाचेत अडकत होतं, हे मात्र माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्यांनी सुनेला हाक मारली. ती आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"तूच ठेवला न हा?" काकू म्हणाल्या.

"काय आई?"

"रुपया. वापस ठेवला न तू. मले माहीत होतं, एक दिवस ठेवशीन. त्याच दिवशी समजलं होतं मले, तो गहाण टाकून दुसरा आणून ठेवला म्हणून. देव तर तुह्याच हातात देले होते मी. तुह्या भावाचं लग्न होतं त्या साली. अडचण होती तं मले सांगतली असती, मीच काढून देला असता. जाऊ दे आता. कोणाले सांगतलं नाही मी, पोराले बी नाही. उद्यापासून देव तूच धूत जा."

आवाज अगदी मऊ होता. त्या तिला माफ करत होत्या.

"कोणता रुपया?" सून म्हणाली.

मी फडक्याची गाठ आवळली. चार-पाच श्वास तीच आवळत बसले. त्या श्वासांत मी हिशोबी माणसासारखी विचार करत होते की, नाहीतरी सगळं जागेवर येतंय. काकूंना रुपया मिळाला, सुनेला देव मिळाले, मी उठून घरी जाऊ शकते. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती आणि आता संन्याशाला माफीही मिळत होती. मला फक्त चहा प्यायचा होता.

मग मी सुनेकडे पाहिलं. ती चिडलेली नव्हती. नऊ वर्षांचे दिवस मागे मागे नेत ती कुठेतरी जाऊन पोचत होती, आणि पोचली की तिला तळणीचा वास आणि मी आठवणार होते. तिला आठवायच्या आत बोलावं एवढी लाज माझ्यात शिल्लक होती. त्याहून मोठं श्रेय मी घेत नाही.

"काकू, तिने नाही," मी म्हटलं. "मी नेला होता. त्या दिवशी देव मी उजळले. तुम्ही झोपल्या होत्या."

काकूंनी माझ्याकडे तोंड वळवलं, थोडं चुकीच्या जागी.

"तू?" त्या म्हणाल्या. "तुले तं मी फोटो काढू देला होता."

मी सांगायला लागले. कडेवरची अक्षरं, टांकसाळ, गावाचं नाव, रांगोळीने कसं सगळं पुसलं जात होतं. सांगताना माझा आवाज मंडळात वाचतात तसा झाला होता. काकूंनी पूर्ण ऐकून घेतलं.

"अक्षरं मिटून राहिली होती तं सांगाचं होतं," त्या म्हणाल्या. "मी नसती घासली."

अकरा वर्षं कागदावर कागद ठेवणाऱ्या मला ही एवढी सोपी गोष्ट सुचली नव्हती.

मग सून बोलली, माझ्याशी नाही, काकूंशी. "पहिले वाटलं, पोटुशी हाय म्हणून. मंग वाटलं, दुसरी बी पोरगीच झाली म्हणून तुम्ही देवाले हात लावू देत नाही."

काकूंचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी हात पुढे केला, उंबऱ्याच्या दिशेने, आणि तो हवेत चाचपडत राहिला. "नाही वं," त्या म्हणाल्या. "नाही. तसं कसं वाटलं तुले?"

"काहून देव बंद केले, हे तुम्ही कधी सांगतलंच नाही, आई."

ती उंबरा ओलांडून आत आली नाही. तिने गार झालेला चहा उचलला आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ बंद झाला नाही. काकू रुपया मुठीत धरून त्या आवाजाकडे तोंड करून बसल्या होत्या आणि मधूनमधून म्हणत होत्या, नाही वं. मी तिथे आहे हे त्या विसरल्या होत्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्यांना माझ्यासाठी वेळ नव्हता.

मी उठले. फाटकापाशी चपला घालत होते तेव्हा सून बाहेर आली. मला वाटलं, आता बोलेल. बोलावं, असंही वाटलं.

"ताई," ती म्हणाली, "त्या दिवाळीत तुम्हाले चकल्या देल्या होत्या. थो डबा तुमच्याकडेच राहिला. माह्या आईनं लग्नात देलेला होता."

एवढंच बोलून ती आत गेली.

घरी येऊन फडकं सोडलं. माझा देखणा रुपया ओळखू येत नव्हता. नऊ वर्षांच्या रांगोळीने बादशहाचं नाव अर्धं खाल्लं होतं. म्हणजे माझं म्हणणं खरं होतं. तो रुपया हातात घेऊन मी बसले आणि मला स्वतःची किळस आली.

मंडळाला पत्र पाठवलं आहे. रुपया माझ्या संग्रहातला नाही, इतवारीत मिळालेला नाही, एका घरच्या देवातला आहे, मी न विचारता उचलला होता आणि आता त्यांच्याकडे परत आहे, असं लिहिलं. पत्रिकेत छापतील की नाही माहीत नाही. एका काकांचा फोन आला होता, एवढं कशाला उकरता मॅडम, वाचन तर बरोबर आहे ना. वाचन बरोबर आहे.

डबा शोधावा लागला नाही. तो माझ्या टेबलाच्या खणातच होता. ते पारदर्शक कागद मी नऊ वर्षं त्यातच ठेवत आले, झाकण घट्ट बसतं म्हणून. कागद काढून टाकले, डबा घासला, झाकणावरच्या नावात अडकलेली धूळ टाचणीने काढली. आता तीन आठवडे तो ओट्यावर पालथा आहे. आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. चिमूटभर साखर का होईना, घालून देतात. रोज सकाळी मी तो सरळ करते, आत पाहते, आणि त्यात काय घालून तिच्यासमोर धरावं ते मला सुचत नाही.